गिऱ्हाइकाची निष्ठा

इतिहासाच्या ग्रंथांत निष्ठेचीं वर्णनें पुष्कळ आढळतात. पण तीं बहुधा राजनिष्ठेचीं, स्वामिनिष्ठेचीं किंवा धर्मनिष्ठेचीं असतात. बाजारांत पैसे मोजून उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाचीहि एक निष्ठा असते, आणि तिलाहि इतिहास असतो, याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. एका कारखान्याचें यंत्र बाप विकत घेतो, मुलगाहि त्याच कारखान्याचें घेतो, आणि एके दिवशीं त्या मुलापुढें असा प्रश्न उभा राहतो कीं, या एका नांवाशीं आपलें घर बांधलें गेलें आहे तें कशाकरितां? आजच्या शहरांतील सुशिक्षित कुटुंबाला हा प्रश्न मोटारीच्या, शिलाईयंत्राच्या किंवा खिशांतील मोबाइलच्या बाबतींत पडतो. कोल्हापूरच्या आसपास ऊंस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पडला होता, आणि त्याच्या उत्तरावर त्याचें वर्षाचें पीक अवलंबून होतें.

गडमुडशिंगी हें करवीर तालुक्यांतील गांव कोल्हापूर शहराच्या पूर्वेस सुमारें तीन कोसांवर आहे. पंचगंगेच्या खोऱ्याचा हा मुलूख उंसाचा आणि गुळाचा म्हणून प्रसिद्ध आहे. १८९१ सालीं मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. १८९५ सालीं शाहू छत्रपतींनीं शाहूपुरी येथें गुळाची पेठ वसविली. या दोन घटनांनंतर येथील गुळाची ढेप दूरदूरच्या बाजारांत जाऊं लागली, आणि जो ऊंस पूर्वीं गांवच्या गरजेपुरता लावीत, तो रोकड मिळवून देणारें पीक झाला. रोकड आली तशीं यंत्रें आलीं, आणि यंत्रांबरोबर तीं करणाऱ्यांचीं नांवें आलीं. त्यापूर्वीं शेतकऱ्याला अवजाराचें नांव ठाऊक नव्हतें. त्याला अवजार करणारा माणूस ठाऊक होता.

हा माणूस म्हणजे गांवचा सुतार. हाळीस, रुमणें, जूं हें सारें तो बाभळीच्या लांकडांतून घडवी आणि लोहार फाळ बसवून देई. याबद्दल त्यांना पैसे मिळत नसत. सुगीच्या दिवसांत खळ्यावरून बलुतें मिळे. नांगर मोडला तर त्याच दिवशीं सुताराच्या दारीं नेतां येई, आणि सुताराला तो दुरुस्त करणें भाग असे. कारण त्याचें वर्षाचें धान्य त्याच शेतांतून यावयाचें असे. शेतकरी त्या सुताराशीं एकनिष्ठ राही, पण ही निष्ठा दुहेरी होती. शेतकऱ्याला दुसरा सुतार करतां येत नसे, तसेंच सुतारालाहि शेतकऱ्याला तोंड चुकवितां येत नसे. या व्यवस्थेंत नवें कांहीं सुधारत नव्हतें, हा तिचा दोष खरा. पण काम अडलें म्हणजे कोणाकडे जावयाचें हें तींत कोणालाहि विचारावें लागत नव्हतें.

लोखंडी नांगराची कथा या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगांवीं आले. तेथें त्यांनीं सायकलींचें दुकान चालविलें, कडबा कापण्याचें यंत्र केलें, आणि १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ती सांगतांना शेतकऱ्याच्या अडाणीपणाला हंसण्याची रीत पडली आहे. परंतु विष ही शंकेची एक बाजू झाली. दुसरी बाजू व्यवहाराची होती. लांकडी नांगर मोडला तर सुतार आहे; हा ओतीव लोखंडाचा नांगर मोडला तर काय? ओतीव लोखंड लोहाराच्या भट्टींत तापवून ठोकतां येत नाहीं. घण बसला कीं तें फुटतें. ज्या वस्तूची दुरुस्ती गांवांत होऊं शकत नाहीं, ती विकत घेणें म्हणजे परगांवच्या एका अनोळखी माणसावर आपली पेरणी सोंपविणें होय. असा सौदा करावयाला शेतकऱ्यानें दोन वर्षें घेतलीं, तर तो वेळ फार झाला असें म्हणतां येणार नाहीं.

पुढें बेळगांवची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपयांचें कर्ज दिलें, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. मिरजेवरून आगगाडीनें कोल्हापूरकरांना हा कारखाना जवळचा झाला. नांगराबरोबर झिजणारे भाग वेगळे मिळूं लागले. गुळासाठीं लागणारा लोखंडी चरक तेथें तयार होऊं लागला. १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं 'किर्लोस्कर खबर' हें मासिक काढलें. आरंभीं तें कारखान्याचें मुखपत्र होतें, आणि त्याचा हेतु गिऱ्हाइकाशीं बोलणें चालू ठेवावें हा होता. विकलेल्या मालाबरोबर संबंध संपत नाहीं, हें ज्यानें ओळखलें, त्याच्या नांवाला हळूहळू सुताराची जागा मिळाली.

उंसाच्या शेतीला दुसरी अडचण पाण्याची होती. बैलांच्या मोटेनें विहिरीचें पाणी काढून जेवढें क्षेत्र भिजे, तेवढाच ऊंस लावतां येई. येथें तेलावर चालणारें इंजिन उपयोगीं पडलें. इंग्लंडांतील ग्रँथम येथें हॉर्न्स्बी कंपनीनें १८९२ पासून ॲक्रॉइड स्टुअर्ट याच्या शोधावरून तेलाचीं इंजिनें करावयास आरंभ केला होता. १९१८ सालीं ही कंपनी लिंकनच्या रस्टन-प्रॉक्टर कंपनीशीं मिळाली आणि 'रस्टन अँड हॉर्न्स्बी' हें नांव रूढ झालें. स्टॅमफोर्डचे ब्लॅकस्टोन, येओव्हिलचे पेटर, डर्स्लीचे लिस्टर हीहि त्या काळचीं मोठीं नांवें. हा माल मुंबईच्या गोदींत उतरे आणि हिंदुस्थानभर खपे. नदीकांठीं व विहिरीवर पंप, हंगामांत चरक, आणि मधल्या दिवसांत पिठाची गिरणी, अशीं अनेक कामें एकाच इंजिनावर होत.

जुन्या इंजिनाची रीत विलक्षण होती. त्याच्या माथ्यावर लोखंडाचा पोकळ गोळा असे. तो दिव्याच्या ज्योतीनें चांगला तापवावयाचा, मग जड चाकाला हातानें झोंका द्यावयाचा, आणि तेल गोळ्यांत जाऊन पेटलें म्हणजे इंजिन ठोके देऊं लागे. गोळा किती तापला म्हणजे पुरे, चाक कोणत्या बाजूनें ओढावयाचें, थंडीच्या पहांटे तेल किती सोडावयाचें, हें ज्याच्या त्याच्या इंजिनाप्रमाणें निराळें. एका बनावटीवर हात बसलेला माणूस दुसऱ्या बनावटीपुढें नवशिका ठरे. एकाच नांवाला चिकटून राहण्याचें हें पहिलें कारण. दुसरें कारण असें कीं, शेजारच्या मळ्यावर तेंच इंजिन असलें, तर अडीनडीला त्याची रिंग किंवा वाल्व उसना मिळे. तिसरें कारण किंमतीचें. नांवाजलेल्या इंजिनाला जुनें झाल्यावरहि गिऱ्हाईक असे, आणि सावकारहि त्यावर विश्वास ठेवी. तेव्हां ज्या घरीं पितळी पाटीवर एक इंग्रजी नांव कोरलेलें इंजिन धडधडत असे, त्या घरचा अभिमान निव्वळ हौसेचा नव्हता. त्याच्यामागें हिशेब होता.

१९३९ सालीं युद्ध सुरू झालें आणि हा हिशेब चुकूं लागला. इंग्लंडचे कारखाने लढाईच्या मालाकडे वळले. जहाजांत जागा मिळेना. जीं निघत त्यांतील कित्येक पाणबुड्यांनीं बुडविलीं. लोखंडावर आणि तेलावर नियंत्रण आलें. इंजिन तेंच, पाटी तीच, परंतु झिजलेली रिंग बदलावयाला नवी मिळेना. बाहेरच्या माणसाला ही अडचण लहान वाटेल. ज्याचा ऊंस उभा आहे, त्याला ती तशी वाटत नाहीं. चैत्र-वैशाखांत उंसाची पाण्याची पाळी चुकली, तर वाढ खुंटते आणि पुढें कितीहि पाणी दिलें तरी ती भरून येत नाहीं. तोडलेला ऊंस चरकाविना दोन दिवस पडला, तर रसांतील साखर बिघडते, गुळाला रवा धरत नाहीं आणि ढेप मऊ राहते. काहील चढलेली, गुळव्या आणि फडकरी बसून, बैल दावणीला, आणि इंजिन बंद, अशी स्थिति दोन-तीन दिवस राहिली म्हणजे वर्षाचें कर्ज कसें फिटावयाचें हा प्रश्न घरांत उभा राही.

अशा वेळीं एकनिष्ठ गिऱ्हाइकानें काय करावें? कोल्हापुरांत त्याला एक नवें दार उघडें झालें होतें. या शहराला यंत्रांची भीति नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळांत परदेशी कॅमेरा मिळणें दुर्घट होतें, तेव्हां बाबूराव पेंटर यांनीं दामले यांच्या साहाय्यानें चित्रपटाचा कॅमेरा येथेंच घडविला, आणि त्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० सालीं पडद्यावर आला. विकत मिळत नाहीं तर करून पाहावें, ही खोड शहरांत तेव्हांपासून मुरलेली होती. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागिरांनीं तीच खोड इंजिनाच्या कामांत आणली. इंजिनाच्या दुरुस्तीसाठीं शेतकरी येत. त्या दुरुस्तींतून सुटे भाग ओतण्याचें काम निघालें, आणि सुट्या भागांतून सबंध इंजिन उभें राहिलें. पुढें ज्या वसाहतीला शिवाजी उद्यमनगर हें नांव मिळालें, तिचा वंशवृक्ष असा दुरुस्तीच्या ओट्यापर्यंत जाऊन पोहोंचतो.

परंतु शेतकऱ्याचा निर्णय यामुळें सोपा झाला, असें समजूं नये. दोन्ही पारड्यांत वजन होतें. विलायती इंजिनानें पंधरा-वीस वर्षें इमानानें पाणी काढलें होतें. रिंग मिळत नव्हती ती कारखानदाराच्या लबाडीमुळें नव्हे. सारें जगच युद्धांत गुंतलें होतें. अशा नांवाला संकटकाळीं टाकणें हा कृतघ्नपणा नव्हे काय? शिवाय नव्या कारागिराचा माल पारखलेला नव्हता. ओतकामांत पोकळी राहिली, लोखंड मऊ निघालें, माप केंसभर चुकलें, तर नवी रिंग सिलिंडर खाऊन टाकी आणि जुनें चांगलें इंजिनहि हातचें जाई. उलटपक्षीं कोल्हापूरचा मेस्त्री बैलगाडीच्या टप्प्यांत होता. त्याचा भाग बिघडला तर तो त्याच्यापुढें नेऊन ठेवतां येई, चार शब्द सुनावतां येत, आणि त्याला दुसरा ओतून द्यावा लागे. लिंकन किंवा डर्स्ली येथील कारखानदाराला असें कोण सांगणार? त्याच्यापर्यंत गडमुडशिंगीचा आवाज पोहोंचण्याचा मार्ग मुंबईच्या एजंटाच्या कचेरीवरून जात होता, आणि ती कचेरी स्वतःच मालाची वाट पाहत होती.

या पेंचांतून निघालेला मार्ग शेतकऱ्याच्या शहाणपणाची साक्ष देतो. त्यानें एका दिवसांत नांव बदललें नाहीं. विलायती इंजिन तसेंच ठेवून त्यांत देशी रिंग घातली. ती हंगामभर टिकली तर पुढें देशी पिस्टन घातला. आणि असे चार भाग टिकल्यावर सबंध देशी इंजिन घेण्याचा विचार केला. विश्वास त्यानें हप्त्याहप्त्यानें हलविला. अशा इंजिनाचें मूळ घर कोणतें म्हणावयाचें, हा तर्कशास्त्राचा प्रश्न होईल. मळ्यावर तो कोणी विचारीत नसे.

युद्ध संपलें. विलायती माल पुन्हा येऊं लागला. जुनें गिऱ्हाईक मुकाट्यानें परत येईल अशी अपेक्षा कोणी केली असेल, तर ती फार काळ खरी ठरली नाहीं. १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला. त्यानें एका ब्रिटिश इंजिन-संस्थेचें तांत्रिक साहाय्य घेतलें होतें, ही गोष्ट मुद्दाम ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. विद्या विलायतेची असली तरी चालेल, पण जबाबदारी घेणारा माणूस हांकेच्या अंतरावर असावा, हें त्या व्यवस्थेचें मर्म होतें. इकडे राजकोटसारख्या गांवीं कारागीर लिस्टरच्या संथ चालीच्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृति करूं लागले. हें इंजिन १९३० च्या सुमारास निघालें होतें, आणि त्याची घडण इतकी साधी व दणकट होती कीं, मूळ कारखान्यानें तें करणें थांबविल्यावरहि हिंदुस्थानांत तें 'लिस्टर टाइप' या नांवानें चालू राहिलें. येथें गिऱ्हाइकाच्या निष्ठेचें एक नवें अंग दिसतें. त्याची श्रद्धा कंपनीवर होती असें कंपनीला वाटत होतें. खरोखर ती त्या घडणीवर होती. ज्या क्षणीं तीच घडण दुसऱ्याच्या हातून, स्वस्त आणि दुरुस्तीसह, मिळूं लागली, त्या क्षणीं पाटीवरच्या नांवाची किंमत उतरली.

हा अनुभव पंचगंगेकांठापुरता नाहीं. अमेरिकेंत हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी' ही मोटार १९०८ सालीं निघाली. तेथील शेतकऱ्याला ती प्रिय झाली, कारण ती चिखलांत चाले आणि साध्या हत्यारांनीं घरींच दुरुस्त होई. दीड कोटींहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. या यशामुळें फोर्ड यांची समजूत झाली कीं, गिऱ्हाईक आपलें आहे आणि तें आपलेंच राहणार. रस्ते सुधारले, लोकांच्या गरजा बदलल्या, शेव्हरोले गाडी नव्या सोयी घेऊन पुढें आली. तरी फोर्ड यांनीं मूळ गाडी फारशी बदलली नाहीं. अखेरीस १९२७ च्या मे महिन्यांत तिचें उत्पादन बंद करणें त्यांना भाग पडलें. ज्यांनीं ती सोडली, त्यांतील पुष्कळांनीं तिच्यावर मनापासून प्रेम केलें होतें. त्यांनीं वैर धरून ती सोडली नाहीं. त्यांना आतां जें काम हवें होतें, तें ती करीत नव्हती.

कोल्हापूरच्या कारागिरांवरहि पुढें हीच पाळी आली, आणि हा या इतिहासाचा सर्वांत बोधप्रद भाग होय. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत त्यांचीं इंजिनें चांगलीं खपलीं. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालें, आणि विजेच्या तारा हळूहळू मळ्यांपर्यंत आल्या. विजेच्या मोटारीला गोळा तापवावा लागत नाहीं, तेलाचा डबा वाहून आणावा लागत नाहीं. खटका दाबला कीं पाणी सुरू. ज्या शेतकऱ्यानें एकदां विलायती नांवाचा फेरविचार केला होता, त्यानें आतां कोल्हापुरी इंजिनाचाहि केला. तो मेस्त्रीचा शेजारी होता, त्याच्या उपकाराखालीं होता. तरी त्यानें बटण लावून घेतलें. हें पाहून जे कारखानदार इंजिनालाच धरून बसले, त्यांचा धंदा आटला. ज्यांनीं आपली खरी विद्या इंजिनांत नसून ओतकामांत आहे हें ओळखलें, ते मोटारींचे व ट्रॅक्टरांचे ओतीव भाग करूं लागले. गडमुडशिंगीच्या जवळच असलेल्या गोकुळ शिरगांवच्या आणि पंचगंगेपलीकडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींतील ओतशाळा त्याच परंपरेच्या आहेत. देशांतील मोठ्या मोटार-कारखान्यांना त्या माल पुरवितात. ज्यांच्या वडिलांनीं एका तुटलेल्या रिंगेपासून आरंभ केला, त्यांची आज अशी स्थिति आहे.

निष्ठा बदलणारा माणूस चंचल, आणि न बदलणारा दृढ, अशी सोपी वांटणी या इतिहासांत बसत नाहीं. लांकडी नांगर सोडावयाला ज्यानें दोन वर्षें घेतलीं, विलायती इंजिनांत एकेक देशी भाग घालून ज्यानें परीक्षा केली, आणि विजेची सोय दिसतांच ज्यानें घरच्या मेस्त्रीचें इंजिन बाजूला ठेवलें, तो एकच शेतकरी आहे. तिन्ही वेळां त्यानें विचारलेला प्रश्नहि एकच आहे: काम अडलें म्हणजे हा मला उपयोगीं पडेल काय? या प्रश्नाला जोंवर होकार मिळतो, तोंवर एका नांवाला चिकटून राहणें हा शहाणपणा आहे, आणि नवी वस्तु केवळ नवी म्हणून घेण्यांत कांहींहि भूषण नाहीं. होकार मिळेनासा झाला म्हणजे मात्र मागील वीस वर्षांची आठवण पुढील हंगामाचें पाणी काढूं शकत नाहीं.

शहरांतील गिऱ्हाइकाच्या हातांत आज जें यंत्र असतें, त्याचें झांकण उघडण्याचीहि त्याला पुष्कळदां मुभा नसते. भाग कोणता, तो कोठें मिळतो, हें कारखानदार सांगेल तेव्हां कळावयाचें. त्याच्यापाशीं सुतार नाहीं, मेस्त्री नाहीं, शेजाऱ्याकडून रिंग उसनी आणण्याची सोय नाहीं. म्हणून एका नांवावर भार टाकण्यापूर्वीं त्यानें करवीरच्या शेतकऱ्यापेक्षां अधिकच सावध असावयास पाहिजे. नांव लोखंडावर एकदांच ओतलें जातें. त्यामागचें वचन मात्र दर हंगामाला नव्यानें पाळावें लागतें, आणि तें पाळलें जातें कीं नाहीं हें पाहण्याचें काम गिऱ्हाइकाचें आहे.